पुलाखालचा खड्डा

रिकाम्या घरात प्रमिलाबाईंनी आभासी खेळाचा चष्मा लावला आणि रोजच्यासारखी खेळातल्या पुलावरून उडी मारली. खाली खड्ड्यात चिपळूणहून खेळणारे ते गृहस्थ वाट बघत असणार. खेळ नवा होता तेव्हा पूल मध्येच तुटायचा. तेव्हाच दोघं पहिल्यांदा खड्ड्यात पडले. पूल दुरुस्त झाला तरी मुद्दाम पडत राहिले. "काय मेला हा खड्डा!" हाच त्यांचा रामराम. मग बांगड्याच्या आमटीत तिरफळं किती, यावर वाद. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

आज कुणीतरी त्यांना हवेतच अलगद झेलून पुलावर परत ठेवलं.

"खड्डा कुठे गेला?" त्यांनी घाबरून विचारलं.

"बुजवला," खेळ अभिमानाने म्हणाला. "खेळाडूंचं ऐकूनच मी स्वतःला सुधारतो. तुम्ही दोघं तर रोज तक्रार करत होतात."