नवरदेवाची नजर

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला आणि आंधळ्या द्वारकाबाईंना एकदम लख्ख दिसायला लागलं. हातभर अंतरावर, मुंडावळ्यांआडून त्यांची लेक रेवा लाजून हसत होती.

दृष्टिकरापोटी प्रत्येक डोळस माणसाला रोज दहा मिनिटं आपली नजर आंधळ्यांना द्यावी लागे. कुठली दहा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. लोक बहुधा आंघोळीची वेळ देत. नवरदेव हर्षद तर कराचं नाव काढलं की उसळायचा, "माझे डोळे माझे आहेत!"

आता त्याच्या हातातला हार चाचपडत रेवाच्या कानाला अडकला. मांडव हसला. द्वारकाबाईंना मात्र सगळं उमगलं. त्यांनी गहिवरून हात जोडले.

"अहो, असला क्षण कुणी करात देतं का?"

"कर सकाळी आंघोळीतच भरला, आई," अंधारात उभा हर्षद म्हणाला. "हे माझ्या मर्जीचं."