कापलेला कोपरा

कार्डाचा वरचा कोपरा नाहीसा झालेला पाहून पोस्टमन रामरावांनी ते हातात दिलंच नाही. अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेले. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर. ते घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचं, हे रिसोडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सिंगापूर जपान्यांपुढे पडल्याला दीड महिना झाला होता. बेट पडतं म्हणजे समुद्रात बुडतं की काय, हे जिजाबाईला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तिचा नवरा चंपत पलटणीबरोबर तिथंच होता, एवढंच तिला कळत होतं.

सासू प्रयागबाईनं हंबरडा फोडला. तो ऐकून शेजारची मनकर्णाबाई धावत आली. तिनं आधी कार्ड पाहिलं, मग जिजाबाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या. "बस वं खाली," म्हणत ती बांगड्या फोडायला दगड शोधू लागली. बाई मनानं वाईट नव्हती. असल्या कामात तिला उशीर खपत नसे, इतकंच.

जिजाबाई इतकी भेदरली की तिला रडूही येईना. "वाचू त द्या आधी!" ती ओरडली. कार्ड उचललं, हात पदराखाली घेतले आणि पळत सुटली.

अन्सारचाचा शिंपी दुकानात मशीन चालवत होते. त्यांना मराठी वाचता येत होतं. पण त्यांनी लगेच वाचलं नाही. कापलेल्या कडेवरून आधी अंगठा फिरवला.

"हे फाडेल नाई, पोरी. कैचीनं कापेल हाय. फाडेल अन् कापेल मले नाई समजन त कोनाले समजन? पलटनीतलं कार्ड सरकार तपासते. गावाचं नाव असन तेवढं कापून टाकते."

चाचा वाचू लागले.

'मी खुशाल आहे. येथे बंदरावर चिनी, मलायी, मद्रासी, अरब, गुजराती अशी नाना तऱ्हेची माणसं आहेत. एकाच रस्त्याला मशीद, मद्रास्यांचं देऊळ आणि चिन्यांचंही देऊळ आहे. चहावाली चिनी म्हातारी रोज जेवलास का विचारते, अगदी मायसारखी. शंभर वर्षांच्या वर झाली, इथं जहाजं लागतात. ज्याला विचारावं तो म्हणतो, माझा आजा दोनच वर्षांसाठी आला होता.'

"खुशाल हाय!" जिजाबाई हसली. तिला एकदम भूक लागल्यासारखं झालं. मग हसू मावळलं. "चाचा, हे कवा लिव्हलं? बेट पडल्यावर का त्याच्या आधी?"

चाचांनी कार्ड उलटून पाहिलं. तिकिटावर शिक्क्यावर शिक्के बसून नुसता काळा डाग झाला होता.

"तारीख गावाच्या नावाखालीच लिहितेत, पोरी," ते हळूच म्हणाले. "नावासंगं तेई कापल्या गेली."

गल्लीच्या तोंडाशी बायकांचा गलका ऐकू आला. मनकर्णाबाई जिजाबाईचं नाव घेऊन हाका मारत होती. हाका जवळ येत होत्या.

"पुन्यांदा वाचा, चाचा," जिजाबाई म्हणाली.

"'मी खुशाल आहे. येथे बंदरावर...'"

"हळू वाचा," तिनं दाराकडे पाठ केली. "लई हळू."