देबुलीला लागलेली धाप

हिमनदी समोर आली, तरी वैजयंतीबाईंना धाप लागली नव्हती. मनगटावरच्या पट्ट्यामुळे त्यांची सगळी धाप खाली तळावर मजुरीवर बसवलेल्या देबुलीला लागत होती.

तळावरून निरोप आला, तसा वाटाड्या दानसिंग घाबरला. "दीदी, देबुलीला आता सोसवत नाहीये. पट्टा काढा, मागे फिरू."

"एवढा बर्फाला हात लावून येते," म्हणत त्या पट्ट्यासकट पुढे गेल्या.

त्या तळावर उतरल्या, तेव्हा देबुलीचे ओठ निळे पडले होते. तिनं कसंबसं विचारलं, "दीदी, हिमनदीचं दर्शन झालं?"

"नाही गं. तुझं कळलं आणि लगेच फिरले."

दानसिंगनं मान वळवली.

"माझ्यामुळे राहिलं तुमचं," म्हणत देबुली रडू लागली. तिचे डोळे पुसायचाही वैजयंतीबाईंना धीर झाला नाही.