लोखंडाचा गरुड

आई भाकऱ्या थापून दमली आहे की नाही, हे यदूने कधी पाहिलंच नाही. नवी विज्ञानकथा लिहून झाली, की कागद घेऊन तो तिच्यासमोर पाट मांडून बसायचा. चौथी शिकलेल्या आईला, म्हणजे त्याच्या आक्काला, मंगळ काय आणि शनी काय, दोन्ही पत्रिकेतले त्रास.

वर्षापूर्वी दारूने यदूला मरणाच्या दारात नेलं, तेव्हा तिनेच आपलं अर्धं लिव्हर काढून दिलं होतं. ते पुन्हा वाढलं. पण दुसऱ्यांदा देता येणार नाही, असं डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं.

"मूळ कथा ग्रीकांची, आक्का," यदू सांगू लागला. "माणसांना अग्नी चोरून दिला म्हणून एका देवाला खडकाला बांधतात. गरुड रोज येऊन त्याचं लिव्हर खातो, आणि ते रोज पुन्हा वाढतं. मी तो खडक मंगळावर नेला, आणि गरुड केला लोखंडाचा."

वाचायला तो पुढे वाकला, तसा वेलदोड्याचा वास आला. पूर्वी पिऊन आला, की वास लपवायला तो असाच वेलदोडा चघळायचा. हरदासाची कथा मूळपदावर आली होती.

भांडायचं बळ आक्काने मागेच खर्चून टाकलं होतं. तिने तव्यावरची भाकरी उचलून त्याच्या ताटात टाकली.

"जेव आधी," ती म्हणाली. "मग तो लोखंडाचा गरुड खोड, आणि माझ्या पोटचा लिही."