नवा क्रू
आखाती देशातल्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये वेदांग शाळेच्या प्रोजेक्टसाठी ब्रिटिश नौदलाच्या अगदी सुरुवातीच्या एका पाणबुडीची माहिती वडिलांना वाचून दाखवत होता. सरावात जहाजाची धडक बसून ती बुडाली होती आणि आतलं कुणीही वाचलं नव्हतं. “मग काय झालं?” गुणवंतने विचारलं. “दे पुल्ड इट अप, बाबा. रिपेअर केली आणि न्यू क्रू पाठवला.” गुणवंतने चहाचा कप खाली ठेवला. तो मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींवर इंजिनियर होता. मागच्या महिन्यात कंपनीची एक टग वादळात उलटली होती आणि इंजिनरूममधले नागेश आणि भिकाजी बाहेर येऊ शकले नव्हते. ती टग आता वर काढून, रंगवून धक्क्याला लावली होती आणि उद्यापासून गुणवंतला तिच्यावर जायचं होतं. “वर्न्ट दे स्केअर्ड?” वेदांगने विचारलं. एसीतही गुणवंतला घाम फुटला. “अहो, काय होतंय तुम्हाला?” त्याची बायको अनुपमा धावत आली. “नागेशची टग मला दिलीय,” तो म्हणाला. “आज इंजिनरूममध्ये उतरायला गेलो, तर शिडीवरूनच परत वर आलो.” “मग नाही म्हणून सांगा.” “नोकरी गेली तर व्हिसा खलास होईल.” “होऊ दे. परत जाऊ.” तिने फोन त्याच्यापुढे ठेवला. त्याने कंपनीच्या सुपरिंटेंडंटचा नंबर फिरवला. “साहब, मैं उस टग पे नहीं जाऊंगा,” तो कसाबसा म्हणाला. “मुझे डर लगता है.”  पलीकडून साहेब हळूच म्हणाला, “आज ये कहनेवाले तुम तीसरे आदमी हो.”