घराची खूण

माझी बायको कर्णबधिर लेखकांना हातांनी गोष्ट सांगायला शिकवायची. ती गेल्यावर चार महिन्यांनी तिच्या विद्यार्थ्यांनी मला कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी बोलावलं. तिथे ऐकू येणारा मी एकटाच. टाळ्या म्हणून सगळ्यांनी हात वर करून हलवले आणि मला पुढे उभं केलं. बाईंच्या घरची एखादी गोष्ट सांगा म्हणाले.

मी खुणांनी सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून छप्पर केलं, म्हणजे घर. पहिल्या रांगेतली मुलगी हसायलाच लागली. उठून आली, माझी उजवी करंगळी धरली आणि आत दुमडली.

"काका, इतकी वर्षं बाईंबरोबर काढलीत आणि घर चुकलात?" तिने खुणेनं विचारलं. "करंगळी आत. आम्ही बाईंचं बघूनच शिकलो."

मला नीट कळावं म्हणून वर्गातल्या सगळ्यांनी घर करून दाखवलं. समोर वीस घरं उभी राहिली आणि प्रत्येकात उजवी करंगळी वाकडी, अगदी माझ्या बायकोच्या करंगळीसारखी. आपली करंगळी सरळच होत नाही, हे तिने यांच्यापैकी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. का होत नाही, हेही नाही.

मी मान डोलावली. करंगळी दुमडून पुन्हा घर केलं.

रागाच्या भरात मी आमच्या घराचं दार आपटलं, तेव्हा तिचा हात चौकटीवर होता.