व्हय म्हाराजा

"पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं शेवंती रागाच्या भरात बोलून गेली होती, आणि दीपेशने ते खरं करून दाखवलं. तेव्हापासून दर शिमग्याला ती गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायची. गुरव म्हणायचा, "बा देवा म्हाराजा, हिचा ल्योक जिथं आसंल तिथनं हिच्या दारात आणून सोड." मुलगी संजना, धाकटा दीर, पुतणे, सगळे तिच्या मागे हात जोडून एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा."

यंदा शहरात, शांती नगरात तिच्या शेजारी राहणाऱ्या विनिताने तिला कॉम्प्युटरवर खातं उघडून दिलं. "काकू, घरच्यांचे फोटो तरी बघत बसाल." घरचे सगळे एकेक करून जोडले गेले आणि स्क्रीनच्या कडेला एक चेहरा आपोआप आला. वर लिहिलं होतं, 'यांना तुम्ही ओळखत असाल.'

दाढी वाढली होती, कडेवर तान्हं बाळ होतं, पण दीपेशच होता.

शेवंतीने स्क्रीनलाच हात जोडले. "देवाने ऐकलं गं. नाहीतर ह्या मशीनला कसं कळणार, हा माझा म्हणून?"

"मशीनला कुठे काय कळतंय, काकू? तुमच्या ओळखीचे लोक याच्याशी आधीपासून जोडलेले आहेत, म्हणून दाखवतंय. थांबा, नावं वाचते."

विनिता वाचत गेली.



"व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांतलं एकही नाव सुटलं नव्हतं.